औलीच्या स्की कोर्ससाठी जॅकेट: जाड घ्यावं की पाणी अडवणारं?

दारव्हा_कपाशी
राजेहो, मुलगी १९ वर्षांची आहे. फेब्रुवारीत उत्तराखंडात औलीला १४ दिवसांच्या स्की कोर्सला जात आहे. इकडे थंडी म्हणजे रात्री गव्हाच्या ओलितावर गेलं की वाजते तेवढीच, बर्फाचा काहीच अंदाज नाही. यवतमाळात आणि ऑनलाइन जॅकेटं पाहिली. दोन हजारांच्या जॅकेटवरही 'वॉटरप्रूफ' लिहिलं आहे आणि पंधरा हजारांच्याही. काहींवर १०के/१०के, १५के/१०के असे आकडे आहेत, ते कशाचे? एकच जाड, कापूस भरल्यासारखं जॅकेट घेऊ की पातळ घेऊन आतून कपडे वाढवू? आतल्या गरम कपड्यांसकट बजेट सात हजार. कोर्सनंतर तेच जॅकेट रात्रीच्या ओलितावर चालेल का, हेही सांगा.

मेळघाट_पायवाट
काका, सगळ्यात आधी संस्थेला फोन करून काय काय मिळतं ते विचारून घ्या. स्की, बूट आणि पोल (हातातल्या काठ्या) बहुतेक कोर्समध्ये देतात. जॅकेट-पँटचं सगळीकडे सारखं नसतं. पँट तिथे भाड्याने मिळत असेल तर ती विकत घेऊ नका, ते पैसे जॅकेटमध्ये घाला.

आता आकडे. पहिला आकडा पाण्याच्या दाबाचा. कापडावर उभी नळी ठेवून तिच्यात पाणी चढवत जातात आणि खालून थेंब फुटेपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजतात. १०के म्हणजे १०,००० मिमी, म्हणजे दहा मीटर पाणी असलेल्या विहिरीच्या तळाशी असतो तेवढा दाब. आकाशातून पडणाऱ्या बर्फाचा दाब काहीच नसतो, मग एवढं कशाला? कारण शिकाऊ मुलगी दिवसातून कितीदा तरी पडेल, बर्फात बसेल, कोपरावर भार देऊन उठेल, खांद्यावर स्की वाहून नेईल. अंगाचं वजन जिथे टेकतं तिथेच पाणी आत ढकललं जातं.

दुसरा आकडा घामाच्या वाफेचा. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, ते. ही चाचणी करायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, म्हणून एका कंपनीचे १०के आणि दुसरीचे १२के यांची तुलना करत बसू नका.

आपल्याकडे फवारणीचा प्लास्टिकचा कोट सगळ्यांना माहीत आहे. थेंबभर पाणी आत येत नाही, पण अर्ध्या तासात आतला शर्ट पिळून निघतो. तो कोट पहिल्या आकड्यात उत्तम आणि दुसऱ्यात शून्य. स्की शिकताना पहिले काही दिवस लिफ्ट नसते, स्की लावून आडवं-आडवं उतार चढावा लागतो. त्यात चांगलाच घाम येतो. मग उतारावर रांगेत उभं राहिलं की तोच घाम गार पडतो.

औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर आहेत. फेब्रुवारीत उन्हाच्या दुपारी वरचा बर्फ ओलसर होतो आणि ओला बर्फ कोरड्यापेक्षा जास्त भिजवतो. म्हणून १०के/१०के ही खालची हद्द समजा, १५के मिळालं तर चांगलंच. ५के घेऊ नका.

शिवण_आणि_साखळी
कापडाचा आकडा सगळे पाहतात, शिवण कोणी पाहत नाही. इंचाला ९ टाके धरले तर एक मीटर शिवणीत साडेतीनशे छिद्रं होतात. कापड २०के असलं तरी त्या छिद्रांतून पाणी येतं. म्हणून आतून शिवणीवर गरम करून चिकटवलेली पट्टी असते, तिला टेप म्हणतात. लेबलवर 'फुली टेप्ड' असेल तर सगळ्या शिवणी झाकल्या आहेत. 'क्रिटिकली टेप्ड' म्हणजे खांदे, टोपी अशा मोजक्याच जागा.

अस्तर असल्यामुळे टेप दिसत नाही, तरी शोधता येते. खिशाचं तोंड उलटं करा, कमरेचा घेर उचलून अस्तर सुटं असेल तिथून आत पाहा, टोपीच्या आत पाहा. शिवणीवर बोटभर रुंद, थोडी चकचकीत, सपाट पट्टी दिसली पाहिजे. नख फिरवून कडा उचलते का पाहा. नव्या जॅकेटची टेप कोपऱ्यात सुरकुतलेली असेल तर ती आधी तिथूनच सुटेल. दोन हजारांवाल्यात बहुधा टेपच नसते. त्यावरचं 'वॉटरप्रूफ' म्हणजे फक्त बाहेरच्या कापडाला थेंब घरंगळण्याचं रसायन लावलेलं असतं.

साखळी म्हणजे चेन. पुढच्या चेनवर पाणी अडवणारी झाकणपट्टी हवी, नाहीतर चेनच रबरासारखा लेप असलेली हवी. ओढायचं टोक जाड हातमोजा घालून पकडता येतं का, ते दुकानातच पाहून घेजा. हनुवटीजवळ चेनच्या टोकावर मऊ कापडाची टोपण नसली तर थंडीत तिथलं कातडं सोलतं.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत आहे तोवर, एक चाचणी करा. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद, त्यावर जॅकेटचा खांदा असा पसरा की शिवणीवर खळगा होईल. खळग्यात अर्धा कप पाणी ओता, पंधरा मिनिटं थांबा आणि मधून मधून बोटाने दाबा. जॅकेट उचला. कागदावर शिवणीच्या रेषेत ओल उतरली असेल तर परत पाठवा. तोंडाने कापडातून फुंकर मारून पाहतात, त्यावरून फक्त वारा अडतो का ते कळतं, पाण्याचं काही कळत नाही.

थर_मोजा
भाऊ, माझं मत स्पष्ट आहे: जाड भरलेलं घेऊ नका. बाहेरचं पातळ, टेप लावलेलं जॅकेट वेगळं आणि ऊब देणारा कपडा वेगळा. चढताना फ्लीस (मऊ, लवदार पॉलिस्टरचा गरम कपडा) काढून पिशवीत टाकता येतो, थांबलं की घालता येतो. भरलेल्या जॅकेटचं असं काही करता येत नाही.

अंगाला लागून सुती बनियन किंवा टी-शर्ट अजिबात नको. कापूस आपलं पीक आहे, पण बर्फात तो वैरी आहे. साध्या हवेतसुद्धा कापसाचा धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घामाने भिजलेला सुती कपडा अंगावरच ओला राहतो, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जास्त वेगाने उष्णता ओढतं. म्हणून आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं अंगाबरोबरचं पूर्ण बाह्यांचं, त्यावर साधारण २०० ग्रॅमचं (हे वजन चौरस मीटर कापडाचं) फ्लीस आणि सगळ्यात वर जॅकेट. फ्लीस आणि टोपी हिवाळ्यात आपल्या गावोगाव बसणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे चांगली मिळते. पैसे जॅकेटवर घाला, बाकीचं स्वस्तात होतं.

वारा विसरू नका. हवा उणे ५ असेल आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातड्याला उणे १३ असल्यासारखं लागतं. पातळ पण वारा अडवणारं जॅकेट जाड विणलेल्या स्वेटरपेक्षा गरम लागतं ते यामुळेच.

जॅकेट स्कीचं आहे का ते तीन गोष्टींवरून ओळखा. आतून कमरेला इलॅस्टिकचा बटणवाला पट्टा: पडल्यावर बर्फ पाठीत शिरू नये म्हणून. काखेत चेन: उघडली की वाफ निघून जाते, आणि घामाच्या बाबतीत ही चेन दुसऱ्या आकड्यापेक्षा जास्त काम करते. हेल्मेटवर बसेल अशी टोपी. माप घेताना आत फ्लीस घालूनच घ्या. हात वर केले की कंबर उघडी पडू नये आणि बाही हातमोज्यावर यावी.

अपर्वट_पाहणारा
थोडा वेगळा विचार सांगतो. जानेवारीत काश्मीरात गुलमर्गला जाऊन गोंडोलाने (केबल कारने) अफरवट डोंगरावर, म्हणजे सुमारे ३,९५० मीटरवर चढायचं असतं तर बाह्यांत चौरस मीटरला ६० आणि अंगात ८० ग्रॅमचं कृत्रिम भरण असलेलं जॅकेट मी सुचवलं असतं, कारण तिथे थर काढ-घाल करायला वारा उभं राहू देत नाही. औलीला आणि शिकण्याच्या उतारावर ते गरम होईल. ज्यांना भरलेलंच हवं त्यांनी ४० ते ६० ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि काखेत चेन असल्याशिवाय घेऊ नये. पिसांचं, म्हणजे डाउनचं जॅकेट बाहेरचं म्हणून नको. पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. कृत्रिम भरण ओलं झालं तरी बरीच ऊब टिकवून ठेवतं.

दारव्हा_कपाशी
खूप समजलं. पातळ जॅकेट आणि वेगळं फ्लीस असंच घेतो. एकच: टेप नसलेलं स्वस्त जॅकेट घेऊन इथल्या टेलरकडून टेप लावून घेता येईल का? आणि शेतातल्या वापराचं राहिलं.

शिवण_आणि_साखळी
नाही भाऊ. टेप कापडाच्या आतल्या लेपावर चिकटते. अस्तर पूर्ण उसवावं लागेल, आणि ठरावीक तापमान आणि दाब नसेल तर टेप पहिल्या धुण्यात सुटेल. साध्या इस्त्रीने कापड आकसण्याची भीती वेगळीच. टेप असलेल्या जॅकेटची एखादी जागा सुटली तर मात्र सीम सीलर (शिवण बुजवणारा चिकट द्रव) मिळतो. तो ब्रशने आतून लावून रात्रभर वाळू द्यायचा.

ओलित_रातपाळी
शेतात चालेल, पण जपून. तीन गोष्टी सांभाळा.

हे घालून फवारणी कधीच करू नका. हे कापड औषध अडवायला बनवलेलं नाही, आणि औषध त्यात मुरलं की तेच अंगाला लागत राहतं.

बाभळीचा काटा किंवा पऱ्हाटीचा खुंट लागून फाटलं तर सुईदोरा लावू नका, प्रत्येक टाका नवीन छिद्र. नायलॉनची चिकट पट्टी फाटक्यापेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठी कापा, कोपरे गोल करा आणि जागा धुऊन पूर्ण वाळवूनच आतून-बाहेरून दाबून लावा.

घाण आणि घाम साचला की थेंब घरंगळायचे थांबतात. बाहेरचं कापड पाणी पितं, आतलं ओलं वाटतं, आणि लोक म्हणतात जॅकेट गळतं. खरं तर पाणी आत आलेलं नसतं, वाफ बाहेर जायची थांबलेली असते. तेव्हा सगळ्या चेन लावून कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाने हाताने धुवा. पावडर नको, सुगंधी कंडिशनर तर नकोच. तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा, पिळू नका, सावलीत वाळवा. लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री वरून सुती कापड ठेवून फिरवा, थेंब पुन्हा घरंगळू लागतात. ठेवायचं ते टिनाखालच्या लोखंडी पेटीत कोंबून नाही. उष्णता आणि पावसाळ्याची दमट हवा मिळाली की आतला लेप काही वर्षांत चिकट होऊन सोलून निघतो. हँगरवर, हवेशीर खोलीत ठेवा.

मुलीला सांगा, संध्याकाळी ओलं जॅकेट हीटरवर किंवा बुखारीच्या (खोली गरम करायच्या शेगडीच्या) पाइपवर टाकायचं नाही, दोन हात लांब टांगायचं. आणि तुम्ही रात्री पाणी देताना शेकोटीला बसाल तेव्हा ते काढून बाजूला ठेवा, फ्लीसही पॉलिस्टरचंच असतं, म्हणून त्यावर घोंगडी घ्या. तुराटीची एक ठिणगी उडाली की नायलॉन वितळून मटकीएवढं छिद्र पडतं, आणि ते बाहेरच्या कापडातून थेट आतल्या लेपापर्यंत जातं.