सल्ला हवा: कंपनीतले फायर प्रशिक्षक तयार करायचेत, मराठी शब्द आणि साहित्य सुचवा (बजेट ५,००० रु.)

कांजूरची_सेफ्टीवाली | सोमवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. मी कांजूरमार्गला एका कंपनीत सेफ्टी विभागात आहे. तीन पाळ्या, दोनशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्मी सिक्युरिटी, हाउसकीपिंग आणि कँटीनची. आजवर वर्षातून एकदा बाहेरचे ट्रेनर येऊन दोन तास बोलून जायचे. आता आपल्यातलेच सहा जण फायर इन्स्ट्रक्टर म्हणून तयार करायचं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. जुलैत दोन दिवस मिळालेत.

अडचण अशी की हाताशी असलेलं सगळं साहित्य अमेरिकन मानकावर बेतलेलं आहे. एनएफपीए १०४१, म्हणजे फायर आणि आपत्कालीन सेवांमधल्या प्रशिक्षकाला काय काय यायला हवं ते ठरवणारं. लर्निंग ऑब्जेक्टिव्ह, सायकोमोटर डोमेन, फॉर्मेटिव्ह इव्हॅल्युएशन, व्हॅलिडिटी... हे शब्द फळ्यावर लिहिले तर माझे सहाजण मान हलवतील आणि विसरून जातील. आग विझवायला त्यांना येते. ती शिकवायची कशी, हे शिकायचंय.

प्रश्न दोन. यातले कुठले शब्द खरंच द्यायला हवेत आणि मराठीत कसे? आणि ५,००० रुपयांत साहित्य काय घ्यावं? बजेट वाढणार नाही, हे आधीच सांगते.

ठाणे_पश्चिम_इंजिनीअर | रात्री ९:५८
डिजिटल फायर सिम्युलेटर घ्या, डोळे झाकून. आम्ही गेल्या वर्षी पावणेतीन लाखांना घेतला. स्क्रीनवर आग दिसते, हातात खऱ्या वजनाचा अग्निशामक, नेम चुकला तर आग वाढते. पावडर झाडत बसायला नको. आमच्याकडे चारशे माणसं त्यावर शिकली.

कांजूरची_सेफ्टीवाली | रात्री १०:०२
दादा, पाच हजार आहेत.

ठाणे_पश्चिम_इंजिनीअर | रात्री १०:०५
दोन वर्षांत वसूल होतो. मॅनेजमेंटला तसा हिशोब मांडून दाखवा.

निवृत्त_सबऑफिसर | रात्री १०:४७
ताई, ३१ वर्षं अग्निशमन दलात काढली, शेवटची काही वर्षं नवीन पोरांना शिकवण्यात गेली. मशीन नंतर बघा. आधी एक गोष्ट सांगतो.

एका सोसायटीच्या वॉचमनला अग्निशामक दिला आणि म्हटलं, पिन काढ. त्याला निघेना. दोन्ही हातांनी ओढतोय, कपाळावर घाम. मी जवळ जाऊन हात बघितला. घाबरून त्याने दांडी गच्च आवळून धरली होती. दांडी दाबलेली असली की पिन अडकते. त्याला म्हटलं, "मूठ सोड, दांडीखाली नुसता हात ठेव." पिन दोन बोटांनी निघाली. इतकी वर्षं मी "पिन काढा" एवढंच शिकवत होतो. मूठ सैल ठेवायची असते हे माझ्या हाताला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं.

तुमच्या सहाजणांचं हेच होणार. ज्याला काम येतं तो मधल्या पायऱ्या गाळतो. म्हणून प्रत्येकाकडून एकेका कामाच्या पायऱ्या लिहून घ्या: खुंटीवरून खाली उतरवणं, दाबाचा काटा हिरव्यात आहे का बघणं, मूठ सैल, पिन, वारा पाठीशी, दोन-तीन मीटरवर थांबणं, नेम आगीच्या बुडाशी, दांडी दाबणं, मग नळी डावीकडून उजवीकडे फिरवणं. विझल्यावर पाठ न फिरवता मागे सरकणं. ही शेवटची पायरी दहातले नऊ जण लिहीत नाहीत.

पहिला दिवस पूर्ण तुम्ही शिकवा, शब्द समजवा. दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करा. उलट करू नका, माणूस बावचळतो.

लालबाग_गल्ली४ | रात्री ११:१२
सीओटू (कार्बन डायऑक्साइड) अग्निशामकाचा भोंगा हातात धरायचा नाही, बर्फासारखा गार पडतो, हे पहिलं शिकवा!! आमच्या मंडळाच्या डेमोत माझ्या चुलतभावाने धरला. बोटं पांढरी पडली, आठवडाभर ग्लास उचलता येत नव्हता. शिकवणारा माणूस बाजूलाच उभा होता, एक शब्द बोलला नाही.

निवृत्त_सबऑफिसर | रात्री ११:२०
बरोबर. भोंग्यामागे धरायला मूठ असेल तर तिथेच धरायचं. आणि लाकूड-कपड्याच्या आगीवर सीओटू मारून निघून जायचं नाही. निखारा थंड होत नाही, परत पेटतो.

दादर_शुद्धलेखन | मंगळवार, सकाळी ७:३०
वर सगळ्यांनी शब्द बरोबर वापरलाय, पण इतरांसाठी सांगतो. अग्निशमन म्हणजे आग विझवण्याची क्रिया. अग्निशामक म्हणजे विझवणारा किंवा विझवणारं. त्यामुळे दल अग्निशमन, सिलिंडर अग्निशामक. प्रशिक्षकच चुकीचं बोलला तर पुढचे दोनशे जण चुकीचं शिकतील.

लालबाग_गल्ली४ | सकाळी ७:५१
आमच्याकडे सगळे बंबवालेच म्हणतात. फोन १०१ ला लागला म्हणजे झालं.

दादर_शुद्धलेखन | सकाळी ८:०४
फोन लागण्याचा आणि शब्दाचा संबंध नाही. दल "अग्निशामक" म्हटलं तर चूक नाही, पण मुंबईत अधिकृत नाव अग्निशमन दलच आहे.

माझगाव_आजोबांचा_नातू | सकाळी ८:४०
दलाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझे आजोबा गोदीत हमाल होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीवर आग लागली तेव्हा ते जेवायला बाहेर गेले होते म्हणून वाचले. एकाच बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दलाचे ६६ जण गेले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. तुमच्या सहाजणांना हे पहिल्या तासात सांगा. आपण कुणाचं काम पुढे नेतोय ते कळायला हवं.

निवृत्त_सबऑफिसर | सकाळी ९:०२
हे जरूर सांगा. आणि काळबादेवीची आगही सांगा, मे २०१५. इमारत कोसळून आमचे चार अधिकारी गेले. त्यांच्यापैकी काहींच्या हाताखाली मी काम केलंय.

जुबेल_रिटर्न | सकाळी १०:१५
मी आखातात रिफायनरीत असताना इन्स्ट्रक्टर लेव्हल एक केलीय, सर्टिफिकेट फ्रेम करून घरात लावलंय. ताई, तुम्ही विनाकारण जास्त ओझं उचलताय. १०४१ मध्ये लेव्हल एकचा प्रशिक्षक दुसऱ्याने तयार केलेला पाठ शिकवतो. पाठ स्वतः तयार करायचा ही लेव्हल दोन. सगळा अभ्यासक्रम आखायचा, मूल्यमापनाची पद्धत ठरवायची ही लेव्हल तीन. तुमचे सहाजण एकवाले. दोनचं काम तुमचं. व्हॅलिडिटी वगैरे त्यांच्या डोक्यावर कशाला टाकता?

एकवाल्याला काय लागतं: पाठ वाचून आपल्या वर्गाला जुळवून घेणं, शिकवण्याच्या चार पायऱ्या (तयारी, मांडणी, करून घेणं, तपासणं), परीक्षा घेणं, नोंद ठेवणं आणि सुरक्षा. बस. आणि चांगलं प्रोजेक्टर घ्या, मी ३८ हजारांचा घेतला होता, अजून चालतो.

कांजूरची_सेफ्टीवाली | सकाळी १०:३१
प्रोजेक्टर आहे, दादा. पण लेव्हलची वाटणी मनापासून पटली. माझी निम्मी यादी आत्ताच कापली.

विक्रमगडच्या_बाई | दुपारी १:२०
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, फायरचं मला काही कळत नाही. पण तुमची यादी वाचून थक्क झाले. हे सगळे शब्द आम्ही डीएडला असताना मराठीत शिकलो आणि रोज वापरतो!

लेसन प्लॅन म्हणजे पाठाचं टाचण. लर्निंग ऑब्जेक्टिव्ह म्हणजे उद्दिष्ट. ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाची शिकण्याची तीन क्षेत्रं: बोधात्मक (डोक्याचं), भावात्मक (मनाचं), क्रियात्मक (हाताचं, म्हणजे तुमचं सायकोमोटर). फॉर्मेटिव्ह म्हणजे आकारिक मूल्यमापन, शिकवता शिकवता केलेलं. समेटिव्ह म्हणजे संकलित, शेवटी केलेलं. व्हॅलिडिटी ती सप्रमाणता, रिलायबिलिटी ती विश्वसनीयता. तुमच्या सहाजणांच्या घरी शाळेत जाणारं मूल असेल तर "आकारिक" शब्द त्यांच्या कानावरून गेलेला असणार, प्रगतिपुस्तकावर असतो.

उद्दिष्टाबद्दल एक. "गार्डला अग्निशामकाची माहिती होईल" हे उद्दिष्ट नव्हे, कारण माहिती झाली की नाही ते दिसत नाही. त्यात तीन गोष्टी हव्यात: तो काय करेल, कुठल्या परिस्थितीत, आणि किती चांगलं. म्हणजे तुमच्याकडे असं काहीतरी होईल: "गार्ड भिंतीवरचा पावडरचा अग्निशामक उतरवून, मदतीशिवाय, वारा पाठीशी ठेवून, ट्रेमधली आग एकाच अग्निशामकात विझवेल आणि पाठ न फिरवता मागे येईल." शेवटचा भाग वरच्या काकांकडून घेतला. असं लिहिलं की परीक्षा काय घ्यायची तो प्रश्नच उरत नाही, वाक्यातच असते.

सप्रमाणता याच्याशीच जोडलेली आहे. हाताचं काम शिकवून लेखी पेपर घेतला तर पेपर कितीही चांगला असो, त्याने हात मोजला जात नाही. आणि विश्वसनीयता म्हणजे एकाच गार्डला तुमच्या दोन प्रशिक्षकांनी तपासलं तर निकाल सारखा यावा. त्यासाठी तपासणी सूची. "आत्मविश्वासाने केलं" असं लिहू नका, "पिन काढताना मूठ सैल होती: हो/नाही" असं लिहा. गार्डांचा एकमेकांत नंबरही काढायचा नाही. निकष पूर्ण झाला की नाही, तेवढंच.

टाचण आधी लिहून घ्या, मगच वर्गात पाठवा. ही शिस्त मोडू नका.

कांजूरची_सेफ्टीवाली | दुपारी १:४८
बाई, मी दोन आठवडे डिक्शनरी उघडून बसले होते. तुमचे खूप आभार.

दादर_शुद्धलेखन | दुपारी २:१०
"सप्रमाणता" उत्तम शब्द आहे. वापरा.

अंधेरी_फॅसिलिटी | दुपारी ३:३५
स्मोक मशीन घ्या, पण आमच्यासारखं करू नका. बेसमेंटमध्ये लावलं, धुराचे डिटेक्टर आयसोलेट (तात्पुरते बंद) करायला एजन्सी विसरली, सतरा मजले खाली उतरले. त्यात एक बाई आठव्या महिन्याची. तिची माफी मागायला मीच गेलो, एजन्सीचा माणूस दुसऱ्या दिवशी बिल घेऊन आला. आणि पिन काढताना मूठ सैल ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे.

परळ_नर्सताई | संध्याकाळी ६:१५
आम्ही वॉर्ड रिकामा करण्याच्या ड्रिलला खऱ्या माणसाला पेशंट करतो. बाहुली शांत पडून राहते. माणूस ओरडतो, चादर घट्ट धरतो, तेव्हा खरं शिकणं होतं. ताई, बाहुलीवर पैसे घालवू नका.

निवृत्त_सबऑफिसर | संध्याकाळी ६:५०
सिस्टर, कोरड्या ड्रिलला ठीक. पण जिथे खरी आग पेटवली आहे तिथे जिवंत माणसाला जखमी म्हणून ठेवायचं नाही, कधीच नाही. २००१ साली न्यू यॉर्क राज्यात लेअर्ड्सव्हिलला एका नव्या भरती झालेल्या पोराला असंच पडक्या घरात जखमी म्हणून झोपवलं होतं. सरावाची आग हाताबाहेर गेली, तो गेला. सराव घेणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला होऊन दोषी ठरला. खऱ्या आगीच्या सरावाचं एनएफपीएचं १४०३ मानक हे स्पष्ट मना करतं. एका प्रशिक्षकामागे पाचच शिकणारे, हेही त्यातलंच. आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणारा माणूस वेगळा हवा, त्याच्या हातात शिकवण्याचं काम द्यायचं नाही.

परळ_नर्सताई | संध्याकाळी ७:०४
हे माहीत नव्हतं, काका. आमच्याकडे आग नसतेच, पण लिहून ठेवते.

फॉर्मबी_काँट्रॅक्टर | रात्री ८:२०
आम्ही लायसन्सवाली एजन्सी आहोत, नाव देत नाही, जाहिरात नको. जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) द्यावाच लागतो. तुमचं ट्रेनिंग जुलैतच आहे. ज्या अग्निशामकांचं रिफिल ड्यू आहे ते रिकामे करून न्यायच्या ऐवजी तुमच्या माणसांना मारायला द्या, मग आम्ही नेतो. रिफिलचे पैसे कंपनी तसेही भरते. फक्त सगळे एकदम काढू नका, मजल्यावर बदली ठेवून मगच.

जुबेल_रिटर्न | रात्री ८:३३
हेच मी सुचवणार होतो.

ठाणे_पश्चिम_इंजिनीअर | रात्री ९:०१
पावडर साफ करायला किती वेळ जातो बघा. सिम्युलेटर भाड्यानेही मिळतो.

कांजूरची_सेफ्टीवाली | शुक्रवार, रात्री १०:१०
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते सांगते, काका आणि बाई रागावू नका.

पहिल्या दिवशी सकाळी मी शिकवणार नाही. टाचण नाही, शब्द नाहीत. सहाजणांनी आल्याआल्या प्रत्येकी दहा मिनिटं एका खऱ्या गार्डला अग्निशामक शिकवायचा आणि बाकीच्यांनी फोनवर शूट करायचं. काल घरी करून बघितलं. माझ्या नवऱ्याला "पिन काढ" म्हटलं आणि त्याने दांडी आवळली, हुबेहूब काकांच्या वॉचमनसारखी. आणि मी, हा धागा चार वेळा वाचलेली, तरी मूठ सैल करायला सांगायला विसरले. व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं की पायऱ्या का लिहायच्या. हे आधी भाषणात ऐकलं असतं तर मी मान हलवून पुढे गेले असते. म्हणून त्यांनीही आधी अडखळावं, दुपारी व्हिडिओ बघावा आणि मग मी "टाचण", "उद्दिष्ट", "तपासणी सूची" हे शब्द द्यावेत असं वाटतंय.

शब्द बाईंचे घेतले, सातच. सप्रमाणता आणि विश्वसनीयता माझ्याकडे ठेवली.

पाच हजारांचं साहित्य काहीच घेत नाहीये. रात्रपाळीचे बारा गार्ड शिकणारे म्हणून बोलवायचेत, ते ड्यूटी संपल्यावर थांबणार. त्यांना नाश्ता, जेवण आणि परतीचं रिक्षाभाडं त्यातून. अग्निशामक काँट्रॅक्टर दादांनी सांगितलं तसे, आठ आहेत ड्यू झालेले. एका वेळी पाच जणांपेक्षा जास्त नाही, आणि सुरक्षेला आमचे मेंटेनन्सचे एक दादा वेगळे उभे राहतील.

निवृत्त_सबऑफिसर | रात्री १०:२६
आधी बावचळतील, सांगून ठेवतो. रागवत नाही. तारीख कुठली? मी मुलुंडला राहतो, येऊन कोपऱ्यात बसलो तर चालेल का?

कांजूरची_सेफ्टीवाली | रात्री १०:२९
काका, जरूर या. ११ आणि १२ तारीख, सकाळी आठ. गेटवर तुमचं नाव देऊन ठेवते, मेसेज करा.

विक्रमगडच्या_बाई | रात्री १०:५५
सात शब्द कुठले ते इथे टाका ना. आमच्या शाळेच्या आपत्ती व्यवस्थापन समितीला हवेत.