पाकिटातले मीटबॉल की घरचे खिम्याचे गोळे? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पाटावरवंटा

‘गोळे वळत कोण बसतंय, पाकीट फोडायचं आणि रश्श्यात सोडायचं’ हा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. माझं भांडण त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांशी आहे. पाकिटातले मीटबॉल एअर फ्रायरमध्ये भाजून खा, पास्त्यात घाला, मुलांच्या डब्यात द्या, काही म्हणणं नाही. कालवणात मात्र सोडू नका.

बाजारातले बहुतेक मीटबॉल पूर्ण शिजवून मग गोठवलेले असतात. प्रथिन आधीच आवळलेलं, वरचं कवच घट्ट. असा गोळा रश्श्यात दहा मिनिटं राहिला तरी रश्श्याला काही देत नाही आणि रश्श्यातलं फारसं काही घेतही नाही. गोळा वेगळा, रस्सा वेगळा. कच्चा गोळा रश्श्यातच शिजतो तेव्हा त्याचा रस आणि चरबी बाहेर येते, आणि कालवणाला जी चव येते ती तिथूनच.

मटणाच्या गोळ्यांचं प्रमाण: खिमा ५०० ग्रॅम, लादीतला एक पाव (साधारण ४० ग्रॅम) ५० मिली दुधात कुस्करून, एक कांदा बारीक चिरून, परतून आणि पूर्ण गार करून, आलं-लसणाचं वाटण दीड चमचा, दोन हिरव्या मिरच्या, एक चमचा गरम मसाला, मीठ ८ ग्रॅम म्हणजे चहाचा चमचा सव्वा ते दीड. अंडं नको.

खरी मेख क्रमात आहे. आधी फक्त थंडगार खिमा आणि मीठ. दोन-तीन मिनिटं मळा. खिमा बोटांना चिकटायला लागला, ओढल्यावर बारीक तंतू दिसले की मग बाकीचं घाला. मीठ मांसातलं प्रथिन सोडवतं आणि तेच प्रथिन शिजताना गोळा धरून ठेवतं. लोक मीठ मसाल्याबरोबर शेवटी भुरभुरतात, गोळे फुटले की पुढच्या वेळी बेसन, कॉर्नफ्लोअर, रवा, दोन अंडी असा मारा करतात आणि मग म्हणतात घरचे दडदडीत होतात. होणारच.

मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये. मग ओल्या हाताने ३० ग्रॅमचा एक असे बावीस गोळे. रस्सा मंद उकळत असताना पातेल्याच्या कडेने एकेक सोडायचा. पहिली आठ मिनिटं आत डाव घालायचा नाही, पातेलं फडक्याने धरून नुसतं गोल हलवायचं. एकूण वीस मिनिटं.

लोकल_८_१२

छान. आता हिशेब करू. कांदा चिरून, परतून, गार होईपर्यंत २५ मिनिटं, मळणं १०, फ्रिज ३०, वळणं १५, शिजणं २०. झाले १०० मिनिटं, त्यात रस्सा करणं आणि खिमा आणणं धरलेलं नाही. डोंबिवलीला रात्री साडेआठला उतरणाऱ्या माणसाला हे सांगून बघा.

पण वेळेचा मुद्दा सगळेच मांडतात, माझा मुद्दा खिम्याचा आहे. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बहुतांशी पृष्ठभागावर. दळला की तेच आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिम्याला तुकड्यापेक्षा जास्त सांभाळावं लागतं. रविवारी अकरा वाजता रांगेत उभे राहा आणि मशीनकडे बघा: आधीच्या गिऱ्हाइकाचं चिकन, त्यानंतर तुमचं मटण, मधे जाळी धुतलेली नाही. ती पिशवी घेऊन आधी भाजी, मग पाव, मग घर. खोलीच्या तापमानाला मांसाची मुदत दोन तास, पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात मुंबईत हा तास बाजारातच संपतो. कारखान्यात निदान मांस थंडच राहतं.

आणि पोत रबरी लागतो म्हणजे भेसळ, असं कोणी म्हणायच्या आत सांगतो: ते पायस म्हणजे इमल्शन असतं. बर्फ घालून इतकं बारीक फिरवतात की चरबी, पाणी आणि प्रथिन एकजीव होतं. बरीच सॉसेजं तशीच बनतात. तुम्हाला नको असेल, पण तो दोष नव्हे.

पाटावरवंटा

मशीनचं मान्य, म्हणून तर खिमा आणायची पद्धत असते. दुकान उघडल्यावर पहिल्या तासात जा. तयार पडलेला खिमा घेऊ नका, तुकडा दाखवून समोर काढून घ्या. खांदा आणि सीना (छातीचा भाग) मिसळून घ्या. नुसत्या मांडीचा खिमा कोरडा पडतो, कारण बोकडाच्या मांडीत चरबीच कमी. किलोमागे दीडशे ग्रॅम चरबी वेगळी मागून त्यातच दळून घ्या. गुर्द्याभोवतीची नको, ती गार झाली की टाळूला चिकटते. जाड जाळीतून एकदा, बारीक जाळीतून एकदा. ‘मशीन पुसून’ असं सांगायला लाजू नका. पिशवीत बर्फाची बाटली टाकायला दहा सेकंद लागतात.

पाकिटावर मात्र तुमची नजर पोचत नाही. युरोपात २०१३ साली गोमांस म्हणून विकलेल्या तयार पदार्थांत घोड्याचं मांस निघालं होतं. दळलेल्या मांसात काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, एवढाच मुद्दा.

फोडणी

दोघांनीही एक गोष्ट सोडली. खिमा धुणं. बहुतेक घरांत गोळे फुटतात ते यामुळे. चाळणीत घालून नळाखाली धुतलेला खिमा आपल्या वजनाच्या चांगला दहावा भाग पाणी धरून ठेवतो, वर मिठाने विरघळणारं प्रथिन थोडं वाहून जातं. मग तो मळून चिकट होतच नाही. धुवायचंच असेल तर तुकडे धुवा, पुसा आणि मग दळा. घरी मिक्सर असेल तर तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये कडक करून, मूठमूठ घेऊन, थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर पातं तापतं, चरबी वितळून भांड्याला लागते आणि गोळा शिजताना ती रश्श्यावर तरंगते. आत उरतो चोथा.

दुसरं, आलं. कच्च्या आल्यात मांस विरघळवणारं द्रव्य आहे, कच्च्या पपईत त्याहून कडक. तुकड्यांना रात्रभर लावलं तर चालून जातं. खिम्याला रात्रभर लावलं की सकाळी लगदा. वाटण घातल्यावर तासाभरात गोळे शिजायला गेले पाहिजेत, नाहीतर वाटण तेलात परतूनच घाला. पपई गोळ्यांना लागतच नाही.

पावाऐवजी डाळ्याचं पीठ दोन टेबलस्पून चालतं, किंबहुना झणझणीत रश्श्यासाठी मला तेच बरं वाटतं. दूध-पावाने गोळा लुसलुशीत होतो, डाळ्याने खुसखुशीत. बेसन कच्चं लागतं. आणि वळण्याआधी लिंबाएवढा गोळा तव्यावर भाजून चाखायचाच. कच्चं मिश्रण जिभेला लावू नका.

उणे अठरा

शीतसाखळीबद्दल, म्हणजे माल कारखान्यापासून घरापर्यंत थंड ठेवण्याबद्दल, दोन्ही बाजू ढोबळ बोलतायत.

पाकीट चांगलं की वाईट हे ब्रँडवर जितकं आहे तितकंच ते तुमच्यापर्यंत कसं आलं यावर आहे. विकत घेताना पाकीट कानाशी हलवा. गोळे सुटे खळखळले पाहिजेत, खडे घेतल्यासारखे. एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असेल, आतून पांढरा भुगा बर्फ दिसत असेल, तर ते वाटेत कुठेतरी सुटून परत गोठलंय. कारखान्यात उणे ३५-४० च्या वाऱ्यात गोळा काही मिनिटांत गोठतो, बर्फाचे कण बारीक राहतात. दुकानाच्या फ्रीजरमध्ये परत गोठताना तेच कण मोठे होतात आणि मांस फाडतात. मग पाणी सुटतं आणि आपण म्हणतो पाकीटच वाईट.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, तेव्हा आधी ती वाचा. चिकन ६० टक्के लिहिलं असेल तर ४०० ग्रॅमच्या पाकिटात २४० ग्रॅम चिकन, उरलेलं पाणी, सोया, ब्रेडचा चुरा, तेल. भावाची तुलना या २४० ग्रॅमशी करा. यादीत ४५०, ४५१, ४५२ हे आकडे फॉस्फेटचे. विष नाही, पण मांसात पाणी धरून ठेवायला ते घालतात. पाण्याचे पैसे कोण देतंय हे ज्याने त्याने ठरवावं.

लोकल_८_१२

मग मिठाचंही वाचा. घरच्या गोळ्यांना सगळे सात्त्विक समजतात. वरच्याच प्रमाणात ८ ग्रॅम मीठ आहे. सगळं मिळून कच्चं मिश्रण साधारण ६६० ग्रॅम, शिजून पाचवा भाग घटला तर ५३०. म्हणजे १०० ग्रॅमला दीड ग्रॅम मीठ, सोडियम ६०० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं. ज्या पाकिटावर १०० ग्रॅमला ६००-७०० लिहिलंय ते तुमच्या पातेल्याच्या बरोबरीचंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मीठ, ती दोघांनाही सारखीच.

पाटावरवंटा

हिशेब बरोबर आहे, फक्त काही मीठ रश्श्यात उतरतं आणि त्यामुळे रश्श्यात वेगळं कमी घालावं लागतं. पाकिटातल्याचं मीठ गोळ्यातच राहतं, रस्सा पुन्हा खारवावा लागतो. फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.

करवंद

तुर्भ्याच्या आयकियात (स्वीडिश फर्निचरचं दुकान) मिळतात त्या स्वीडिश गोळ्यांबद्दल कोणी बोललंच नाही, आणि मुंबईत ‘मीटबॉल’ म्हटलं की अर्ध्या लोकांना तेच आठवतात. इथे ते चिकनचे असतात. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये, कंपनीने घरी करायची कृती जाहीर केली होती: गोमांसाचा खिमा ५०० ग्रॅम, डुकराचा २५०, ब्रेडचा चुरा १००, एक कांदा, एक लसणाची पाकळी, एक अंडं, पाच टेबलस्पून दूध, मीठ, मिरी. दोन तास फ्रिज, मग तेलात लालसर परतून १८० अंशांवर अर्धा तास ओव्हन. मांसाच्या मानाने ब्रेड बघा, ७५० ला १००. मऊपणा तिथून येतो.

ती कृती इथे जशीच्या तशी होत नाही. राज्यात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे. म्हशीचं चालतं, पण त्यात चरबी कमी. चिकनचं करायचं तर छाती घेऊ नका, लेग बोनलेस घ्या, १०० ऐवजी ७५ ग्रॅम चुरा, दूध तेवढंच. मिश्रण चिकट होतं, हाताला तेल लावा. सोबतीला ते लोक लिंगनबेरी नावाच्या लाल फळांचा आंबटगोड जाम घेतात, त्याच्या जागी करवंदाचा मुरांबा बेमालूम बसतो.

बाकी ‘आपले कोफ्ते आणि त्यांचे मीटबॉल’ अशी भिंत घालू नका. २०१८ साली स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच लिहिलं होतं की त्यांचे गोळे बाराव्या चार्ल्स राजाने तुर्कस्तानातून आणलेल्या कृतीवर आधारलेले आहेत. आणि कोफ्ता हा शब्द फारसीतला, मूळ अर्थ कुटलेलं. पाटावरवंट्यांनी खूश व्हायला हरकत नाही.

ठाणेकर_आत्या

अहो, भांडताय कशाला? रविवारी दुप्पट वळा, अर्धे फ्रीजरमध्ये टाका. बुधवारी काढा.

उणे अठरा

आत्या, सुचवणी चांगली, पण ‘टाका’ इतकं सोपं नाही. ताटाला तेलाचा हात फिरवून गोळे सुटे मांडा, तीन-चार तास गोठू द्या, मगच पिशवीत भरा आणि हवा दाबून काढा. थेट पिशवीत भरले तर एक वीट तयार होते. गोठवायच्या गोळ्यांत कच्चा कांदा आणि कोथिंबीर नको, कांद्याला वास सुटतो आणि कोथिंबीर काळी पडते. मीठ लावलेला खिमा फ्रीजरमध्ये लवकर खवट होतो, म्हणून महिन्याच्या आत संपवा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून आत थोडी ऊब सोडतो, त्यात उघडे गोळे वाळून पांढरे पडतात. आणि ज्या जुन्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा मोठ्या दाराच्या आतच असतो, तो उणे १८ ला क्वचितच जातो. तिथे आठवडाभरच.

शिजवताना कच्चे गोठलेले गोळे तसेच रश्श्यात सोडायचे, वितळवायचे नाहीत, वेळ मात्र दीडपट. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश. नसेल तर एक फोडून बघा: आत गुलाबी ओल दिसता कामा नये, रस स्वच्छ हवा.

लोकल_८_१२

हे मान्य. पण मग हेही ‘फ्रोजन’च झालं की!

पाटावरवंटा

झालं. पण कच्चं गोठलेलं, शिजवून गोठलेलं नव्हे. रश्श्याला तेवढाच फरक पडतो.

फोडणी

ज्यांना पाकीटच वापरायचंय आणि कालवणच हवंय त्यांच्यासाठी: गोळे आधी थोड्या तेलात सगळीकडून लालसर परतून बाजूला काढा. त्याच तेलात, तळाला चिकटलेलं खरवडून घेत, कांदा-सुक्या खोबऱ्याचं वाटण परता. मांसाची चव पूर्ण येणार नाही, पण रस्सा आणि गोळा अगदी अनोळखी राहत नाहीत. गोळे शेवटच्या पाच-सहा मिनिटांत सोडा, गोठलेले असतील तर आठ-दहा. जास्त उकळले तर आणखी घट्ट होतात. पाकिटावर ‘शिजवून खावे’ लिहिलं असेल तर तो कच्चा माल आहे, त्याला वरचा ७४ अंशांचा नियम.

ठाणेकर_आत्या

एक विचारते. पाकीट घरी येईपर्यंत सैल झालं असेल तर परत फ्रीजरमध्ये ठेवायचं का?

उणे अठरा

मधे अजून बर्फ कडक लागत असेल तर ठेवा, धोका नाही, पोत थोडा जाईल. पूर्ण मऊ पण फ्रिजइतकंच गार असेल तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत शिजवा. कोमट लागलं आणि किती वेळ बाहेर होतं ते माहीत नसेल तर टाकून द्या, पैसे गेले तरी.