रजेच्या अर्जात न मावणारे घर : आपले अनुभव

२०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ही तरतूद तुमच्या घरापर्यंत कशी पोहोचली, किंवा उंबरठ्यावरच कशी अडली, ते येथे लिहावे. नोकरीच्या ठिकाणाचे नाव कृपया देऊ नये. सुरुवात मीच करते.

रजा मला पूर्ण मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. खरा प्रश्न ती संपल्यावर उभा राहिला. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे; आमचे पाळणाघर म्हणजे जुन्या फायलींच्या खोलीत अंथरलेली सतरंजी आणि दाराबाहेर लावलेली पाटी. बाळाकडे पाहायला तेथे कोणीच नव्हते. अखेर मुलीला सासूबाईंनी सांभाळले, म्हणजे कायद्याचे उरलेले काम ६४ वर्षांच्या बाईने बिनपगारी केले.

प्रतिसाद १
मी करारावर होते. करार संपला तशी रजाही संपली, असे मला तोंडी सांगण्यात आले, लेखी मागितल्यावर साहेब म्हणाले, "लेखी कशाला, तुम्हाला कळतंय की." मुदत संपली तरी हा लाभ थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. तोवर माझा मुलगा शाळेत जाऊ लागला होता.

प्रतिसाद २
केंद्र सरकारी नोकरीमुळे मला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळाली. पत्नीची प्रसूती शस्त्रक्रियेने झाली होती आणि सोळाव्या दिवशीही तिला वाकून बाळाला उचलता येत नव्हते. स्वीडनने १९७४ मध्येच पालकत्वाची रजा आईवडील दोघांना खुली केली. तरीही बाप फारसे घरी थांबेनात, तेव्हा पुढे तिचा काही भाग प्रत्येकासाठी राखून ठेवावा लागला. मी तरी थांबलो असतो का? ते बढतीचे वर्ष होते, बहुधा नाही.

प्रतिसाद ३
मुलाच्या दहावीला मी बालसंगोपन रजा घेतली. आम्हा केंद्रीय कर्मचारी महिलांना संपूर्ण सेवेत ७३० दिवस मिळतात. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा मात्र अर्जातल्या कारणाच्या रकान्यात काय लिहावे हेच कळेना. शेवटी अर्जित रजेसाठी 'घरगुती काम' असे लिहिले. ते काम म्हणजे दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवणे होते. जपानमध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी २००० पासून सार्वजनिक विमा आहे. आपल्या २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, पण त्यासाठी लागणारा वेळ कोठून आणायचा याची तरतूद त्यात नाही.

प्रतिसाद ४
करारावरच्या ताईंना : प्रसूतीचे लाभ नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवावेत, असे २०१७ च्या दुरुस्तीत होते. मी ते पत्र अर्ज करून मागितले आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. आठ दिवसांत पत्र आले.