अफगाण चर्च नेमकं कुणाचं?

कुलाबाकर: ‘कुलाब्याचं अफगाण चर्च म्हणजे गोऱ्यांच्या फजितीचं थडगं, त्याच्या डागडुजीला आपला पैसा कशाला?’ ही कालची पोस्ट वाचून डोकं सटकलं. हे चर्च म्हणजे पहिल्या अफगाण युद्धात (१८३८-४२) इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांचं स्मारक. फजिती त्यांची, पण मेले कोण? मुंबई फौजेतले आपले शिपाईसुद्धा! त्याच मोहिमेत १८४० साली बलुचिस्तानातल्या काहूनच्या किल्ल्यात मरी या बलुच टोळ्यांनी ५वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री वेढली. पलटण हटली नाही, म्हणून पुढच्या वर्षी तिला ‘लाइट इन्फन्ट्री’चा मान मिळाला. आज तीच मराठा लाइट इन्फन्ट्रीची ‘काली पांचवीं’ पलटण. तेव्हा १८५८चं हे चर्च आपलंही आहे.

रोखठोक अण्णा: आपलंही? मग नावं दाखवा. भिंतीवर अधिकारी नावानिशी, आणि साधे शिपाई ‘संख्येने फार, म्हणून नोंदवता येत नाहीत’! अहो, याच ईस्ट इंडिया कंपनीने कोरेगाव भीमाच्या खांबावर शिपायांची नावं कोरली होती की.

कुलाबाकर: ती पन्नासाच्या आत होती. इथे चार-पाच वर्षांच्या मोहिमा आहेत. जरा हिशेब करा.

साताऱ्याची नात: हिशेबाचंच बोलायचं तर इराकमधलं, पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं बसऱ्याचं स्मारक घ्या. गोऱ्या शिपायाचं नाव, आपल्या शिपायांचा नुसता आकडा. २०२१मध्ये अशी स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाने माफी मागितली, संपलं. माझे पणजोबा त्याच युद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यातून परत आलेच नाहीत. गावातल्या शिळेवरही ‘इतके गेले, इतके मेले’ एवढंच.

कुलाबाकर: ताई, विषय चर्चचा आहे.

साताऱ्याची नात: तुमचा असेल. पणजीने मरेपर्यंत वाट बघितली.

निवृत्त हवालदार: तुमच्याकडे शिळा तरी आहे! आमच्या गावची एका पुढाऱ्याच्या वाड्याला पायरी झाली. निवेदनं दिली, उपोषणाला बसलो, तर म्हणे ‘दगडच तो’. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला जाऊन बघा. पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, गावाने आठवण जपली.

साताऱ्याची नात: कोणता तालुका, हवालदारसाहेब? दगड उचलायला माणसं आणते.

रोखठोक अण्णा: वा! गावचा दगड पायरीला आणि कुलाब्यात गळे काढायचे.

कुलाबाकर: बरं बाबा, अण्णा महान. नावं नाहीत, मान्य. म्हणून छप्पर गळू द्यायचं?

रोखठोक अण्णा: दुरुस्त करा ना, कोण अडवतंय! आधी दारात काहूनची पाटी लावा, मराठीत. मग माझी वर्गणी घ्या. पावती हवी.