बागेतलं लाकडी सामान आणि गांधीलमाश्या : तुमचे अनुभव लिहा

आमच्या बागेतल्या सागवानी बाकावर हल्ली फिकट रेघा उमटू लागल्या आहेत. पेराएवढ्या लांबीच्या, लाकडाच्या रेषांना धरून गेलेल्या. दुपारी जवळ जाऊन बसले तर बारीक करकर ऐकू आली, वाळकं पान कुणी कुरतडत असावं तशी. एक गांधीलमाशी तोंड लाकडाला लावून मागे मागे सरकत होती आणि तिच्या जबड्याखाली करड्या लगद्याची गोळी जमत होती. माश्या मारायच्या नाहीत, पण बाकही जपायचा आहे. तुम्ही काय केलंत, किती टिकलं, काय वाया गेलं, सगळं लिहा.

*

ताई, आधी एक दिलासा. ती लाकूड खात नाही आणि पोखरतही नाही. वरवरचे तंतू खरवडते, लाळेत मळते आणि त्या लगद्याचं कागदी पोळं बांधते. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१९ मध्ये हेच पाहून मांडलं होतं की चिंध्यांशिवाय, नुसत्या लाकडापासूनही कागद होऊ शकतो. तेव्हा युरोपात कागद चिंध्यांचाच होत असे. खरवडलेला थर इतका पातळ असतो की बाकाच्या मजबुतीला धक्का लागत नाही. बिघडतं ते रूप.

*

माझ्याकडे टेबल, चार खुर्च्या आणि एक झोपाळा आहे, सगळं बाराही महिने बाहेर. माश्या झोपाळ्याला शिवत नाहीत, टेबलावर मात्र तुटून पडायच्या. झोपाळ्याला नेमाने तेल मिळत होतं, टेबल उघडं होतं, एवढाच फरक. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा भाग, मोडतं. वरचा थर करडा आणि भुसभुशीत होतो, आणि माशीला नेमका तोच हवा असतो.

मी टेबल साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने धुतलं, सावलीत पूर्ण वाळू दिलं. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने करडा थर निघेपर्यंत घासलं, वर १२० चा हात फिरवला. नेहमी रेषांच्या दिशेने. आडवं घासलं की ओरखडे राहतात आणि तेलानंतर जास्तच उठून दिसतात. भुसा पुसून डबल बॉइल्ड लिनसीडचे, म्हणजे जवसाच्या तेलाचे, दोन पातळ हात दिले आणि दोन्ही वेळा लाकडाने न प्यायलेलं तेल कापडाने टिपून घेतलं. तेल साचलं की चिकट राहतं. पायांची टोकं आणि फळ्यांच्या कापलेल्या कडा विसरू नका, तिथून पाणी सर्वात आधी शिरतं. त्यानंतर टेबलावर नवी रेघ दिसलेली नाही.

आणि हे कृपा करून हलक्यात घेऊ नका : जवसाच्या तेलाने भिजलेलं कापड चुरगाळून ठेवलं तर वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. ते उघड्यावर, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

*

व्हार्निशचा अनुभव : पहिलं वर्ष सुरेख. मग उन्हाने पापुद्रे सुटले, खाली पाणी शिरलं आणि सोललेल्या जागी माश्या हजर. पुन्हा लावायचं तर सगळं खरवडावं लागलं. तेल निदान नुसतं वरून परत देता येतं. बाहेरच्या सामानाला मी व्हार्निश सुचवणार नाही.

*

रेघांऐवजी बोट जाईल एवढं गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर ते गांधीलमाशीचं काम नाही. तो काळा, जाडजूड भुंगा. लाकडात बोगदा करून तो अंडी घालतो, त्यामुळे त्याच्याकडे खरंच लक्ष द्यायला हवं. आमच्या मांडवाच्या खांबात असं झालं होतं. भोकं रिकामी झाल्यावर लाकडी खुंटी ठोकून बुजवली आणि खांब रंगवला.

*

कागदी पिशवी फुगवून खोटं पोळं टांगण्याचा उपाय करून पाहिला. माश्या तिच्या शेजारीच लाकूड खरवडत होत्या. त्यापेक्षा कुंपणाशी एक जुनी, बिनरंगाची फळी मुद्दाम ठेवली आहे आणि बसायच्या जागेला तेल. आता त्या बहुतेक फळीवरच दिसतात. मला त्या बागेत हव्या आहेत, कारण कोबीवरच्या अळ्या उचलून नेताना मी त्यांना पाहिलं आहे.

*

रेघांपेक्षा मला बैठकीखालच्या पोळ्याची काळजी जास्त वाटते. लाकूड खरवडणारी एकटी माशी सहसा अंगावर येत नाही. पोळ्याला धक्का लागला की मात्र सगळ्या येतात, आणि मधमाशीसारखी नांगी गमावत नसल्याने एकच माशी पुनःपुन्हा डंख करते. हंगामाच्या सुरुवातीला पोळं राणी एकटीच बांधायला घेते, तेव्हा ते जेमतेम अक्रोडाएवढं असतं. म्हणून त्या दिवसांत मी खुर्च्या दर आठवड्याला उलट्या करून पाहते. मोठं पोळं असेल तर स्वतः हात घालू नका, जाणकार माणसाला बोलवा. आमच्या घरात एकाला डंखाची तीव्र ॲलर्जी आहे. डंखानंतर श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा. डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आम्ही बागेत जाताना सोबत ठेवतो.