लिपी एक, पण वाचन दोन

'चिनी बोली वेगळ्या असल्या तरी लिपी एकच, लिहून दाखवलं की काम भागतं' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. हाँगकाँगमधली वर्तमानपत्रं बहुतेक प्रमाण चिनीतच असतात, वाचणारा उच्चार मात्र कँटोनीज, म्हणजे तिथल्या बोलीतला, करतो. नकाराचं चिन्ह बीजिंगवाला 'बू' वाचतो, हाँगकाँगवाला 'बत'. पण गप्पा मारताना याच्या तोंडी 'बत' क्वचितच. तिथे येतो नुसता ओठ मिटून काढलेला 'म्'.

मित्रांना मेसेज पाठवताना मात्र तो बोलतो तसंच लिहितो आणि बीजिंगवाला अडखळतो. 'नसणे' या अर्थाचं कँटोनीज चिन्ह तर झकासच आहे: 'असणे'च्या चिन्हाच्या पोटातल्या दोन आडव्या रेघा काढून टाकायच्या. पोट रिकामं, म्हणजे नाही!