लोणारचं पाणी, मीठ आणि एक वाटी विरजण

मेहकरचा गडी:
काल इथे एका विद्वानांनी लिहिलं, "मीठ वाढलं म्हणून लोणार सरोवर गुलाबी झालं. जागाच ठरवते कोण जगणार, बाकी गप्पा." डोकंच फिरलं. जून २०२० मध्ये मी काठावर उभा होतो. नेहमीचं हिरवं पाणी गुलाबी. पुण्याच्या आघारकर संस्थेने हॅलोआर्किआ म्हणजे गुलाबी रंग देणारे मीठप्रेमी सूक्ष्मजीव दाखवले, मान्य. पण मीठ वाढल्यावर ते आभाळातून पडले का? मूठभर आधीपासून तिथे असणारच. आधी हजर कोण, याला काही किंमत?

खडूस खारवट:
विद्वान मीच. काठावरच्या 'धार' झऱ्याचं गोडं पाणी बारमाही सरोवरात पडतं. त्यातले जिवाणू रोज येतात, मग माजत का नाहीत? सरोवराचा सामू (पीएच) दहाच्या आसपास, म्हणजे पाणी अल्कधर्मी, वर मीठ. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बास बेकिंग १९३४ मध्येच सांगून गेला : सगळं सगळीकडे असतं, निवड परिस्थिती करते.

विरजणवाली (न्यू जर्सी):
सगळं सगळीकडे? मग इथल्या दुधाला आईच्या दह्याची चव आपसूक का येत नाही? तिचं विरजण रुमालावर वाळवून आणलं होतं. चार महिने तीच चव. जानेवारीत वाटी खिडकीपाशी राहिली आणि दह्याला तार सुटली. चमचा उचलला की शेंबडासारखं लोंबतं.

खडूस खारवट:
थंडीने निवड केली. माझाच मुद्दा, आभारी आहे.

विरजणवाली:
अहो, पुढचं वाचा तरी! आता ओव्हनचा दिवा लावून ठेवते, ऊब पहिल्यासारखी. तरी तारच. परिस्थिती परत आली, दही नाही आलं. चमच्यात जे उरले तेच पुढे जाणार. गेलेले कुठून आणू?

नाना:
मिरचीचे देठ टाका दुधात. आणि पिशवीतल्या दुधाला दूध म्हणू नका, आमच्याकडे म्हैस होती तेव्हा...

मेहकरचा गडी:
नाना, म्हशीचा धागा वेगळा काढा! देठांवरचे जिवाणू वेगळे, दही लागेल पण आईचं नाही लागणार. ताईंनी एका वाटीत सांगितलं ते खारवटसाहेबांना अख्ख्या सरोवरात दिसेना.

खडूस खारवट:
आवाज खाली. विरजणापुरतं मान्य, कारण पातेल्याला झाकण असतं. सरोवराला नसतं, तिथे वारा, पक्षी, झरे रोज नवी भरती करतात. तरी मीठच जिंकतं.

मेहकरचा गडी:
"विरजणापुरतं." उपकार झाले.

विरजणवाली:
ते राहू द्या. डिसेंबरात पुण्याहून कुणी येतंय का? रुमाल मी देते.